वरच्या घरांचं पाणी

सेर्रो ग्रिस, लिमा
१४ ऑगस्ट

प्रिय तेयोदादा,

तू, वहिनी आणि पोरं मजेत असाल असं धरून चालते. इकडे धुकं इतकं दाट आहे की दोरीवरचे कपडे वाळतच नाहीत. कोंबड्यांनी अंडी देणं सोडलंय. आई बरी आहे.

नळाचं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. पाणी एक दिवसाआड येतं, पण स्वच्छ येतं. टँकरला जेवढे सोल मोजावे लागायचे, त्याच्या पाव हिश्शात महिना भागतो. परवा शेजारची रुफिना नळ सोडून नुसती बसली होती. मी ओरडले, "अगं, बंद कर!" तर म्हणते, "थांब ना, आवाज ऐकतेय."

"तुझ्या नळानं माझी चूल विझवली," असं म्हणून तू टँकर घेऊन पलीकडच्या टेकडीवर गेलास. नळ आणल्याबद्दल मी माफी मागणार नाही, दादा. पुन्हा वेळ आली तर पुन्हा आणीन.

पण पायऱ्यांच्या वरची घरं कोरडीच राहिली, आणि आईचं घर त्यातच. तिथवर पाणी चढायला पंप हवा. "एवढ्या थोड्या घरांसाठी पंप परवडत नाही," असं पाणीखात्याचे साहेब म्हणाले. खालच्यांनी टँकरचं पाणी घेणं थांबवल्यावर तेवढ्यासाठी हा चढ चढायला कुठला टँकरवालाही तयार नाही. पूर्वी महाग का होईना, मिळत तरी होतं.

आई माझ्याकडून बादली भरून वर न्यायची. माझ्याकडेच राहा म्हटलं, तर म्हणाली, "ते घर मी विटा वाहून बांधलंय." ती बरी आहे असं वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. मंगळवारी बादलीसकट घसरली. मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. तुला कळवायचं नाही अशी तिनं शपथ घातली होती. मोडली.

काल अध्यक्ष म्हणून वस्तीची सभा घेतली. खालच्या घरांनी थोडी थोडी वर्गणी काढावी आणि वर टँकर न्यावा, असं मी मांडलं. अबुंदिओ उठला. "आमचा नळ आला. वरच्यांचं आम्ही का भरायचं?"

आई गळ्यात हात अडकवून पुढे आली. "तुझ्या दारातला नळाचा चर कोणी खणला रे? तू पाठ धरून झोपला होतास. वरची माणसं दर रविवारी खाली येऊन खणत होती. आपल्याकडेही पाणी येईल म्हणून."

"मावशी, चारचौघांत कशाला..."

"मग कुठे सांगू? तुझ्या न्हाणीघरात?"

लोक इतके हसले! मतदानाला पहिला हात अबुंदिओचाच वर गेला.

तर दादा, वर्गणी आहे, टँकर नाही. तो चढ तुझ्याइतका कुणाला ठाऊक नाही. तू येशील का? आणि एक आधीच सांगते, नंतर भांडण नको. पंपासाठी मी खात्याच्या दारात बसणार आहे. पंप बसला की तुझं हे कामही जाईल. माझ्यामुळेच जाईल.

तुझ्या पोटावर दोनदा पाय देणारी, तरी तुझी वाट बघणारी,
निकोलासा

*

१९ ऑगस्ट

अध्यक्षीणबाई,

शनिवारी सकाळी येतो. पिंपं घासून ठेवायला सांग. मागच्या वेळी शेवाळ होतं. आईला म्हणावं, बादलीला हात लावलास तर दुसराही हात मीच बांधून ठेवीन.

राग गेलेला नाही. समोर आलीस की भांडणार आहे, तयारीत राहा.

आणि खात्यात एकटी जाऊ नकोस. तिथे दिवसदिवस बाहेर बसवून ठेवतात. वरचा चढ किती आहे ते टँकरवाल्याच्या तोंडून ऐकू दे त्यांना. मी बरोबर येईन.

तुझा भाऊ,
तेयो