तिसरी नळी

१२ फेब्रुवारी, दुपार

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, असं लिहायचं असतं म्हणून लिहिते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. वहिनीला नमस्कार सांग. लेक आता शाळेत जात असेल ना?

बाबांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, पण स्वरयंत्रही काढावं लागलं. म्हणजे आता ते बोलणार नाहीत. जेवण हळूहळू जातंय, रोज दुकानात येऊन दुरुस्तीला आलेल्या जुन्या फोनोग्राफांमध्ये बसतात. पाटीवर लिहितात. अक्षर इतकं वाईट, की निम्मी पाटी मी अंदाजाने वाचते.

सोबत मेणाच्या दोन नळ्या पाठवतेय, कापसात गुंडाळून. उन्हात ठेवू नकोस. तुझ्याकडचा जुना फोनोग्राफ चालू असेल तर त्यावर लाव, बाबांचा आवाज आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी घरीच भरल्या. मी म्हटलं होतं, "बाबा, फोनवर रेकॉर्ड करू, दोन मिनिटांचं काम." तर म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांचे पणजोबा मी मेणावर ऐकले. माझं काय वाईट होणार आहे?" पहिल्या नळीवर चाचणीपुरते आकडे आणि खाकरणं आहे, दुसरीवर तुझ्या लेकीसाठी गोष्ट. अर्धीच. नळी दोन मिनिटांत संपते आणि बाबांची गोष्ट दोन मिनिटांत कधी संपलीय?

तिसरीही होती. ती नीट उमटली नाही.

एक गिऱ्हाईक येऊन गेलं. सकाळपासून चौथ्यांदा लिहायला बसतेय. मघाशी एका यंत्राची स्प्रिंग उलटी बसवली. बाबांनी काही न लिहिता ती काढली आणि सरळ बसवली.

दादा, तिसरी नळी उत्तम उमटली होती. तिन्हींत स्वच्छ. ती तुझ्यासाठी होती.

तुला आठवत असेल, भरताना एकाने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने बोलायचं आणि दुसऱ्याने सुईखालून निघणारा मेणाचा भुगा कुंचल्याने बाजूला सारत राहायचं. मध्ये थांबता येत नाही. मी सारत होते, ते बोलत होते. म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी तुला गिऱ्हाइकांसमोर हाकललं, ते चुकलं. यंत्र तू बिघडवलं नव्हतंस. स्प्रिंग मीच जास्त पिळली होती आणि मला ते तेव्हाच कळलं होतं. दुकान तुझं आहे, परत ये. धाकटी सांभाळतेय, पण तिचा नुसता हात चालतो. कान तुझाच."

अकरा वर्षं, दादा. तू गेलास त्याच आठवड्यात कॉलेज सोडून मी तुझ्या स्टुलावर बसले. आणि हे त्यांनी माझ्यासमोर, मोठ्याने, माझ्याकडूनच भुगा सारून घेत सांगितलं. रागाने म्हणाले असते तरी चाललं असतं. रागाने नव्हतं. बोलून झाल्यावर मलाच विचारलं, "नीट आलं का गं?" मी म्हटलं, "आलं."

संध्याकाळी ते दवाखान्याची पिशवी भरत होते, तेव्हा मी नळी यंत्रावर चढवली, पातं लावलं आणि वरचं मेण तासून काढलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. तासलेली नळी अगदी कोरी दिसते. मग मात्र काय करून बसले ते कळलं. ठरवलं, सकाळी काहीतरी थाप मारून पुन्हा बोलायला लावू. रात्री दवाखान्यात मामा त्यांच्याजवळ थांबला होता. सकाळी मी यंत्र उचलून दवाखान्यात गेले, तर त्यांना वेळेआधीच आत नेलं होतं.

नळ्या तुला केव्हाच पाठवल्या, असं मी त्यांना सांगितलंय. आता पाटीवर रोज एकच. "पोचली?" मी म्हणते, पोचली असेल. "उत्तर?" मी म्हणते, तो कामात असेल. काल लिहिलं, "त्याचा राग गेला नाही वाटतं." ते पुसून लगेच लिहिलं, "चहा कर." तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. न केलेल्या गोष्टीचा दोष तुझ्या माथी दुसऱ्यांदा बसतोय, आणि या वेळी तो मी बसवतेय.

त्याच दिवशी, संध्याकाळी

पाकीट बंद करायच्या आधी पत्र बाबांना वाचायला दिलं. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं. मी समोर उभी. पाटी हातात घेतली नाही. फडक्याला हात पुसले. मग पेन मागितलं आणि वर एक शब्द खोडला. तुला दिसेलच. "नुसता" हा शब्द.

मी म्हटलं, "पण तुम्ही तसंच म्हणाला होतात."

त्यांनी मान हलवली, हो. तरी पेन परत दिलं नाही. तोच शब्द पुन्हा एकदा, कागद फाटेल इतका दाबून खोडला.

बाकीचं तसंच ठेवलंय. दुकान तुझं, तेही. मला ते अजून लागतंय, खोटं कशाला लिहू? तरी तू ये. मी बाजूला सरकून बसेन, पण उठणार नाही.

तुझा निरोप तासून टाकणारी, आणि आज तो स्वतःच्या हाताने लिहून पाठवणारी,

धाकटी