अक्काचा हात आणि माझे आमेन

रविवार, १२ जानेवारी २०२५. सायंकाळी सव्वासात. उपासनेचा शर्ट धुऊन वाळत घातला आणि लिहायला बसलो.

किळस आली आज. पाळकांनी जगभरच्या अन्यायासाठी प्रार्थना केली, एकेका देशाचे नाव घेत. मग मंडळीला विनंत्या विचारल्या. मागून सुमन अक्का उठली. कापसाच्या जिनिंगमध्ये तिचा हात मशीनमध्ये सापडला, आणि मुकादमाने तिची तीन आठवड्यांची मजुरी अडकवली. तो मुकादम पुढच्याच खुर्चीवर होता. मंडळीचे लाऊडस्पीकर त्यानेच दिलेले.

पाळक म्हणाले, "अक्काच्या हाताला आराम पडावा म्हणून मागू या."

अक्का म्हणाली, "हात ते देव बरा करी, भाऊ. मुकादमसंगे कोन बोली?"

मुकादम हसला. "अक्का, देवाच्या घरात तरी हिशेब नको."

पाळकांनी डोळे मिटले आणि हातासाठीच प्रार्थना केली. फडक्यात गुंडाळलेल्या त्या हातासाठी. आणि मी? मी मोठ्याने आमेन म्हणालो.

शुभवर्तमानात भर गर्दीत प्रभू एका आजारी बाईसाठी थांबला होता. आम्हाला प्रार्थनेला सगळे जग हवे, कारण जग पुढच्या खुर्चीवर बसत नाही.

मला सगळे जमणार नाही. हे एकच धरतो. उद्या अक्कासोबत नरडाण्याला, मुकादमाच्या दारात. मलाही तोच काम देतो. तरी जाणार.

खर्च: अर्पण वीस रुपये.
देणे: अक्काची तीन आठवड्यांची मजुरी. ती मी अडकवलेली नाही. पण आमेन म्हणालो, म्हणून माझ्याही नावावर लिहितो.