बाकापाशी दिसणारा पक्षी

तीर्थस्वरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण माझी दोन अंगं गेली तीन वर्षं संपावर असल्यामुळे उरलेल्यांनी घातलेला नमस्कार गोड मानून घ्या. तुमचा खोकला कसा आहे? मागच्या पत्रात नुसतं 'बरा आहे' लिहिलंत. म्हणजे खोकला गेला, की त्याचं उत्तम चाललंय, ते कळलं नाही. हे पत्र तुमच्या बंधूंबद्दल आहे, तेव्हा बसून वाचा.

गेले तीन रविवार ते मला फिरायला नेताहेत. तुमच्याही मनात पाल चुकचुकली ना? लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. मला दोन धडधाकट पाय होते तेव्हा या माणसाने कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत सोबत केली नाही. आणि आता म्हणे, किनाऱ्यावर नवीन बाग झालीय, सगळीकडे चाकाची खुर्ची जाते, चल. मी तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात पहारा केलेली बाई. जो मुलगा आपणहून 'बाई, पाणी आणून देऊ का' विचारतो, त्याच्या बाहीत चिठ्ठी असते, एवढं मला कळतं.

बाग चांगली आहे, तिच्यात खोट काढता येत नाही (काढून पाहिली). पाण्याच्या कडेकडेने फळ्यांची सपाट वाट, पायरी कुठे नाही, नळ माझ्या हाताला येईल इतका खाली. वाळूवरसुद्धा जाड चटई अंथरलीय, तिच्यावरून खुर्ची थेट लाटेपर्यंत जाते. पहिल्या रविवारी माझ्या चपला भिजल्या. तीन वर्षांनी. पण ते असो, आपण संशयाबद्दल बोलत होतो.

फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "आजोबा, बॅटरीवरची खुर्ची आहे, आजींना तीत बसवा, तुम्हाला ढकलायला नको." त्यावर तुमचे बंधू असे उखडले, की तो बिचारा दोन पावलं मागे सरला. "मी ढकलतो. मला सवय आहे." (कसली सवय? घरात माझी चाकं मीच फिरवते.) मग वाट सुरू झाली. थोड्या थोड्या अंतरावर बाक आहेत, आणि प्रत्येक बाकापाशी यांना पक्षी दिसतो. "थांब, तो बघ." मी बघते तर नुसतं पाणी. मग तो परत येईल म्हणून हे बाकावर बसतात. ज्यांना कावळा आणि कोकीळ यांतला फरक मी शिकवला, त्यांचं हे पक्षिप्रेम. पुढे बसल्या उंचीवर लावलेली एक दुर्बीण आहे. म्हटलं, वाकून बघा जरा. तर म्हणाले, "मला इथून स्वच्छ दिसतंय." चष्मा खिशात होता.

आणि एक नर्सबाई. निळा स्कार्फ, रोज तिथे चालायला येतात. यांना बघून हसतात आणि मला म्हणतात, "किती करतात हो तुमचं." हे मान खाली घालतात. वन्सं, खोटं कशाला सांगू, आठवडाभर तो स्कार्फ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

तिसऱ्या रविवारी ठरवलं, आज रंगेहाथ पकडायचं. शेवटच्या कठड्याकडे वाट जराशी उतरते. तिथे म्हटलं, "सोडा, मी एकटी जाऊन येते." ते सोडेनात. मी चाकांना एक हिसका दिला, त्यांच्या हातांतून खुर्चीच्या मुठी सुटल्या, आणि वीसेक पावलांवर जाऊन मी गर्रकन वळले. वाटलं होतं, आता स्कार्फ दिसेल. तिथे कोणी नव्हतं. हे जिथे सोडले तिथेच उभे होते, दोन्ही हात तसेच पुढे धरलेले. मग एका हाताने त्यांनी कठडा शोधला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं नाही.

मी चढ चढून परत आले (दंड भरून आले). त्यांच्याकडे पाठ केली, ब्रेक लावला आणि म्हटलं, "धरा."

त्यांनी धरलं.

"गुडघे कधीपासून?"

"कोणाचे गुडघे?"

"बरं. पुढे बाक आहे. पक्षी असेल ना तिथे?"

म्हणाले, "असतो."

आम्ही तिथे बराच वेळ बसलो. त्यांनी बोट दाखवलं, मी बघितलं, छान आहे म्हटलं. आयुष्यभर मी कोणाची कॉपी अशी चालू दिली नव्हती.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना जे मागतील ते द्या.

तुमची भावजय

ता. क. नर्सबाईंबद्दल वर लिहिलंय ते खोडून टाका. काल त्या घरी आल्या होत्या, यांचं गुडघ्याच्या एक्स-रेचं पाकीट द्यायला. त्या हाडांच्या डॉक्टरांकडे कामाला आहेत आणि हे चार महिन्यांपासून तिथे जाताहेत. म्हणजे माझ्यामागे काहीतरी चाललंय, हा माझा संशय खरा निघाला. ते खोडू नका.

आणखी एक. भावोजींची काठी तुमच्या दाराआड अजून उभी असेल. ते गेल्यापासून तुम्ही तिला कोणाला हात लावू देत नाही हे मला माहीत आहे, तरी मागते. पाठवून द्या, आणि पार्सलवर माझं नाव घाला. खुर्चीतल्या बाईला काठी कशाला, असं हे विचारणार नाहीत.