फिकट पट्टा

३ मार्च, सोमवार
आलो एकदाच्या, आई आणि मी! वीजकेंद्राच्या आवारातच दोन खोल्यांचं घर, पूर्वेला खिडकी. सामान उतरायच्या आधीच आईने ओटा पुसून घेतला. धातू तपासायची माझी प्रयोगशाळा लहान, पण सूक्ष्मदर्शक झकास. बॉयलरवरच्या म्हाताऱ्या फिटरला सगळे मामा म्हणतात. त्यांनी मजला न् मजला हिंडून दाखवला.

५ मार्च
वाफेच्या पाइपांत एका बाजूला कमी क्रोमियमचं पोलाद, दुसऱ्या बाजूला स्टेनलेस. त्यांना सांधणारे असे सहा वेल्डचे जोड, बावीस वर्षांचे. गेल्या दुरुस्तीत एक कापून काढला, तो तुकडा इथे धूळ खात होता. घासून चकचकीत केला, आम्ल लावलं. जोडालगत फिकट पट्टा! साडेपाचशे अंशांवर वर्षानुवर्षं राहून तिथला कार्बन पलीकडे, जास्त क्रोमियमकडे, सरकलाय. अलीकडे पोलाद मऊ, पलीकडे काचेसारखं कडक, मध्ये केसाएवढी भेग. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे माहेर धुऊन नेलं, आणि सासरीही सुख नाही."

७ मार्च
अहवाल दिला. उरलेले पाचही त्याच वयाचे, बॉयलर थांबवून तपासा. मोठे साहेब म्हणाले, बघू.

११ मार्च
अहवाल परत. कोपऱ्यात "पाहिले" आणि सही. बस्स. भेटायला गेले तर म्हणाले, "बावीस वर्षांत काही झालं नाही. तुम्हाला येऊन आठवडा झालाय." पालथ्या घड्यावर पाणी.

१२ मार्च
जुन्या फायली उपसल्या. माझ्या आधीच्या तपासनिसाचे चार अहवाल. तोच पट्टा, तेच पाच जोड. चारांवर "पाहिले". कारकून म्हणाला, कंटाळून नोकरी सोडली त्याने. डोकं भणाणलंय.

१४ मार्च
पाचव्या जोडापाशी निसटत्या वाफेची बारीक शिट्टी. साहेबांना तीनदा फोन. तीनदा बैठक.

१५ मार्च, सकाळ
इतकी तापलेली वाफ दिसत नाही, मामा म्हणाले. झाडूचा दांडा पुढे धरून हळूहळू जोडाकडे निघाले. दांड्याचं टोक खाली पडलं. सुरीने कापल्यासारखं. हवेत काहीच नव्हतं.
साहेबांचा निरोप: आता विजेची मागणी आहे, संध्याकाळी बंद करू.

११.१०
दाराशी वाटेवर आडवी दोरी बांधली. तरी लोक ओलांडतात, जिना याच बाजूला. दोरीच्या आत, जिन्याच्या तोंडाशी बसलेय, एकेकाला परत पाठवतेय. वेळा लिहून ठेवतेय. उद्या कुणी नुसतं "पाहिले" म्हणायला नको.

११.४०
मामा नियंत्रण कक्षात गेलेत. बंद करायला लावल्याशिवाय हलत नाही म्हणाले. शिट्टी जाड झालीय.

११.५२
दारातून मामांची हाक. बंद करतायत. बाहेर ये म्हणतायत. उठते —
दोरी मधोमध तुटली. कुणी हातसुद्धा लावला नाही. म्हणजे वाफ आता माझ्या आणि दाराच्या मध्ये — दिसत नाहीये, कुठून कुठपर्यंत ते — मामा, तुम्ही येऊ नका, तिथेच