बेलपाड्याकडचं फाटक

खारघर, १० जानेवारी २०२५

चि. अनुयास,
अनेक आशीर्वाद.

गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. विश्वजीतच्या सोसायटीतल्या बागेला सात फेऱ्या मारते, आठवीला जीव कंटाळतो. कुठे जायचंच नसेल तर माणूस चालणार किती? मागच्या भिंतीला लागून बेलपाडा गाव आहे. देऊळ, बाजार, सगळं हाकेच्या अंतरावर. पण येण्याजाण्याचं दार पुढच्या बाजूला, म्हणून मोठ्या रस्त्याने दीड किलोमीटरचा वळसा. भिंतीत लहानसं फाटक करा, असा अर्ज दिला. गावातली माणसं आत शिरतील म्हणून अध्यक्ष चारुदत्तांनी तो परत केला. रेवा म्हणते, आई, नाद सोडा. सून नवी आहे, तिला माझा स्वभाव कळायचाय.

धाकट्या बहिणीची माया आहे तशी राहू दे.
शोभाताई

नेरे, १८ जानेवारी

ती. शोभाताईस,
सा. न. वि. वि.

सात फेऱ्या वाचून हसले. आमच्या गावात दूध, दळण, शाळा सगळं पायीच. पण डंपर सुरू झाल्यापासून रस्त्याच्या कडेने चालायची सोय नाही. आम्ही बायका बांधावरून जातो. अर्ज कपाटात पडून राहतात, ताई. अध्यक्षांना एकदा त्या वळशाने चालवत ने. गुडघ्याला मात्र जप.

लोभ आहेच, तो पत्रांतून दिसू दे.
अनुया

खारघर, २३ फेब्रुवारी

चि. अनुयास,
आशीर्वाद.

तुझं ऐकलं. देवळापर्यंत चारुदत्तांची सोबत मागितली. संकोचाने आले. अर्ध्यावर फुटपाथ संपला, तेव्हा गाड्या चुकवताना त्यांनीच माझा हात धरला. बाजारात मासळीवाल्या मैनाबाईंना मी फाटकाचं सांगितलं. त्या चारुदत्तांना शांतपणे म्हणाल्या, "ती वाट आमचीच व्हती. भिंत तुमी बांदली. आमाला आत यायचं नाय, पन तुमी भायेर आलात तर बरं वाटंल."

 सोसायटीच्या पुढच्या सभेत फाटकाचा ठराव त्यांनीच मांडला.

काल फाटक उघडलं. पहिलं पाऊल माझंच, म्हणून काठी घेऊन उभी होते. तेवढ्यात चारुदत्तांच्या आई आल्या. ऐंशीच्या, दोन वर्षांत इमारतीखाली न उतरलेल्या. मी बाजूला झाले. सावकाश चालत त्या थेट मैनाबाईंच्या पाटीपाशी पोचल्या. चारुदत्त आधार द्यायला धावले, तर त्यांचा हात बाजूला सारून त्या वाकल्या आणि मांदेली ताजी आहे का, ते स्वतः पाहू लागल्या.

तुझ्यावर जीव आहे, हे वेगळं लिहीत नाही.
शोभाताई