आतून ओ दे

दादा,

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. गरम करून घे, उभ्याउभ्या गिळू नकोस. पुढचं तोंडावर बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून लिहून ठेवते.

काल तो जपानी ॲनिमेशनचा सिनेमा मी पुन्हा लावला, तो काही तुला छळायला नाही. आईबरोबर पाहिला तेव्हा मी नुसती चित्रांवर खूश होते. काल नीट लक्ष गेलं. ती पोरगी शाळेतून आली की उंबऱ्याशी बूट काढते, त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवते आणि "मी आले" म्हणते. आजोबा हातातलं काम सोडत नाहीत, पण आतून "आलीस? ये" म्हणतातच. त्यांच्याकडे रीतच आहे तशी.

आणि तू काय केलंस? आजोबा गेल्यावर ती रिकाम्या घराला तीच हाक मारते, नेमका तिथेच रिमोट उचलून सीन पळवलास. वर म्हणे, "यात काही घडतच नाही!" मग बाथरूममध्ये जाऊन नळ कशाला सोडलास? मला काय कळत नाही?

आई गेल्यापासून मी रोज दवाखान्यातली ड्यूटी संपवून येते, दारातून "आले रे" म्हणते आणि तू मोबाइलमधून मान वर करत नाहीस. मी काय भिंतींना सांगते?

आज संध्याकाळी येईन. किल्ली आहे माझ्याकडे, उठायची गरज नाही. फक्त आतून ओ दे.

– धाकटी