क्रॅनबेरी घातलेला नैवेद्य

शनिवार, २८ फेब्रुवारी

डोकं उठलंय नुसतं. आज इथल्या युनिव्हर्सिटीत, आमच्या डिपार्टमेंटमध्ये प्राचीन ग्रीकांचा वसंताचा सण ‘सेलिब्रेट’ केला. मूळ सण तीन दिवसांचा. पहिले दोन दिवस फुलं आणि नवी वाइन. तिसऱ्या दिवशी मेलेली माणसं घरी येतात, त्यांच्यासाठी मडक्यात धान्यं शिजवतात. ते जिवंतांनी खायचं नसतं, हे आमच्या प्रोफेसरबाईंनीच शिकवलेलं. आणि मडकं उघडल्यावर पहिला चमचा कोणाचा? बाईंचाच! वर क्रॅनबेरी पेरलेल्या. “सो हेल्दी!” म्हणे. आमच्याकडे कावळ्याआधी पानाला हात लावला असता तर मावशीने हात मोडून ठेवला असता.

मग ग्रीकांच्या प्रथेप्रमाणे दार उघडून सगळे खिदळत ओरडले, “निघा भुतांनो, सण संपला!” बाई मला म्हणाल्या, “तूही ओरड ना, फन आहे.”

फन! आई दिवाळीत गेली. व्हिसाच्या भानगडीत मला घरी जाता आलं नाही. कावळा शिवला तोही व्हिडिओ कॉलवर पाहिला. जिवंतपणी तिला एकदाही इथे आणता आलं नाही. आज कुठे बोलावणं गेलं, तर तिच्या वाटचं या लोकांनी क्रॅनबेरीसकट चाटूनपुसून खाल्लं. आणि वर मीच तिला हाकलायचं?